यॉटवरून मुंबई बघताय? सोलापूरहून निघण्याआधी या चुका टाळा

आम्हा सोलापूरकरांचं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव, फार तर उजनी. यांची पातळी उन्हाळ्या-पावसाळ्यात बदलते. दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरी, असलं काही तिथं नसतं. त्यामुळे मुंबईत खासगी यॉट घ्यायची ठरल्यावर आम्ही फोनवर भाडं विचारलं, केक कापता येईल का विचारलं, गाणी लावू द्याल का विचारलं. समुद्राबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

निमित्त दाजींच्या साठीचं. तारीख कोजागिरीच्या आसपास येत होती, म्हणून अक्काने ठरवलं की दोन्ही एकदमच करू. गेटवेहून संध्याकाळी साडेपाचची यॉट, आम्ही नऊ जण, समोर मावळतीचा सूर्य, मागे पुनवेचा चंद्र आणि थर्मासमध्ये मसाला दूध. बेत बघून मीच अक्काला शाबासकी दिली होती.

गेटवेजवळच्या जेट्टीवर पोचलो आणि खाली बघितलं. पाणी पार तळाला. खालच्या सात-आठ पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार, आणि त्यांच्या टोकाला एक छोटी होडी हातभर वर, हातभर खाली होतेय. यॉट लांब नांगरलेली. तिच्यापर्यंत जायचं ते या होडीतून. पंच्याहत्तरीच्या आत्याने एकदा होडीकडे, एकदा पायऱ्यांकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "मी हितंच बसते. तुमी या जाऊन."

पौर्णिमेची संध्याकाळ धरणं

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती घरच्या कॅलेंडरवरून टळली असती. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमेला आणि अमावस्येला उत्तर सव्वाअकरा येतं. प्रत्यक्षात बारा-साडेबारा होतात. हिशेब ढोबळच आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. पण दिवस ठरवायला तो पुरतो.

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला मुंबईत ऐन सूर्यास्ताच्या सुमारास पाणी तळाला असतं. त्यात पौर्णिमा-अमावस्येला उधाण, त्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. मोठ्या उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे घराच्या एका मजल्याहून जास्त. जी संध्याकाळ सगळ्यांना सगळ्यात सुंदर वाटते, तीच गुडघेदुखीच्या माणसाला सगळ्यात वाईट.

बरोबर वडीलधारी मंडळी असतील आणि संध्याकाळच हवी असेल, तर अष्टमी-नवमी धरा. सहाच्या आसपास पाणी वर असतं, पायऱ्या कमी उतराव्या लागतात. तारीख बदलता येत नसेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा: जेट्टी कितव्या नंबरची, यॉट जेट्टीला लागते की छोट्या होडीतून जावं लागतं, पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का कुठे मिळेल का.

आणि आमच्यासारखे अडकलातच, तर हे करा. सामान आधी खाली द्या, दोन्ही हात मोकळे ठेवा. सपाट कोल्हापुरी किंवा टाचांची चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट हवेत. होडीत उडी मारायची नाही. ती लाटेबरोबर वर येते तेव्हा क्षणभर पायरीच्या बरोबरीला थांबते, त्याच क्षणी पाय टाकायचा. आत्याला खलाशाने हेच सांगितलं. "आजी, मी 'आता' म्हटलं की." दोन 'आता' गेले, तिसऱ्याला आत्या होडीत. वर उभे असलेले दाजी मात्र चौथ्या 'आता'ला उतरले, हे त्यांनी वाचलं तरी चालेल.

सगळी मुंबई एका तासात दिसेल असं धरणं

आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एका एजंटाने जे फोटो पाठवले त्यात गेटवे होता, ताज होतं, मरीन ड्राइव्ह होता आणि सी लिंकही होता. आम्ही समजलो, चौघे एका रांगेत उभे आहेत. नकाशा उघडून बघितला असता तर कळलं असतं.

मुंबईला दोन बाजूंनी पाणी आहे. गेटवे पूर्वेला, बंदराच्या बाजूला. मरीन ड्राइव्ह आणि वांद्रे-वरळी सी लिंक पश्चिमेला, उघड्या अरबी समुद्राकडे. मध्ये कुलाब्याचं टोक. गेटवेहून निघालेल्या यॉटला मरीन ड्राइव्ह गाठायला हे टोक वळसा घालून ओलांडावं लागतं. तिथे 1875 मध्ये बांधलेलं प्रॉन्ग्ज दीपगृह आहे. टोकापलीकडे बंदराचा आडोसा संपतो आणि लाट मोठी होते. एका तासाच्या फेरीत हे बसत नाही. सी लिंक तर त्याच्याही बराच पुढे.

तासा-दीड तासात दिसतं ते बंदर, आणि ते काही कमी नाही. समोर 26 मीटर उंच गेटवे, त्याला लागून ताजचा लाल घुमट, दक्षिणेला कुलाब्याची किनारपट्टी, उत्तरेला नौदलाची गोदी, पूर्वेला घारापुरीचा डोंगर, मध्ये नांगरून पडलेली मोठाली मालवाहू जहाजं. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे लांबवर अटल सेतूची रेघ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं, तेव्हा सेतू दिसेलच असं धरून पोरांना शब्द देऊ नका.

ताजबद्दल खलाशी तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगेल, की नकाशा उलटा धरल्यामुळे हॉटेल उलटं बांधलं गेलं आणि म्हणून त्याची पाठ समुद्राकडे आहे. ऐकून घ्या, मजा येते, पण ही दंतकथा आहे. त्यापेक्षा खरी गंमत पोरांना सांगा: ताज सुरू झालं 1903 मध्ये, गेटवेची पायाभरणी 1913 ची आणि तो पूर्ण झाला 1924 मध्ये. म्हणजे पहिली वीस वर्षं ताजसमोर गेटवे नव्हताच.

उजेडाची बाजू न बघणं

गेटवेचं तोंड पूर्वेच्या पाण्याकडे. साहजिकच सकाळचं ऊन त्याच्या दर्शनी भागावर पडतं, आणि यॉटवरून त्याचा पिवळसर दगड, वरची जाळी, सगळं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे जातो. तेव्हा गेटवे आणि ताज यांच्या काळ्या आकृत्या दिसतात आणि मागे केशरी आभाळ. दोन्ही छान, पण दोन्ही वेगळं. फोटोत माणसांचे चेहरे हवे असतील तर सकाळ घ्या. आमच्या संध्याकाळच्या फोटोत दाजी कोण आणि गेटवेचा खांब कोणता हे सांगावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. सूर्यास्त सोलापूरच्या घड्याळाने धरू नका. मुंबई आपल्या पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य दहा-बारा मिनिटं उशिरा मावळतो. दोन तासांच्या फेरीत फरक पडत नाही. एका तासाच्या फेरीत मात्र तुम्ही जेट्टीवर उतरत असता आणि मागे आभाळ रंगायला लागलेलं असतं.

तासाचा हिशेब न विचारणं

भाडं बहुतेक ठिकाणी तासावर आणि पूर्ण बोटीचं असतं, डोक्यावर नाही. तो तास कधी सुरू होतो ते विचारा. ठरलेल्या वेळेपासून मोजला तर छोट्या होडीचं जाणं-येणं, बूट काढणं, लाइफ जॅकेट बांधणं, सगळं त्याच तासात जातं. आमची वीस मिनिटं तशी गेली. त्यात रविवार असेल तर गेटवेच्या आवारात शिरतानाच बॅगा तपासायची रांग लागते, त्यामुळे पाऊण तास आधी पोचलेलं बरं. फोटोतलीच बोट येणार का, आणि नाही आली तर काय, हेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी "होईल ना साहेब" याला किंमत नसते.

तीन-चार माणसंच असाल तर माझं मत विचाराल तर यॉट घेऊच नका. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणारी साधी बोट पकडा, तोच गेटवे, तेच ताज, तेच बंदर दिसतं. गाडीसकट जायचं असेल तर मांडव्याची रो-रो आहे, ती मात्र भाऊच्या धक्क्याहून सुटते. गेटवेवर जाऊन तिला शोधू नका. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. खासगी यॉटचं भाडं आठ-दहा जणांत वाटलं तरच ते पटतं.

पोट

आता थर्मासकडे येतो. यॉट चालत असते तोवर फारसा त्रास होत नाही. केक कापायला इंजिन बंद करून बोट उभी केली की ती बाजूबाजूला डोलायला लागते, आणि खरा खेळ तिथे सुरू होतो. भाच्याने दुपारी मिसळ हाणली होती, वर केकची क्रीम. पाच मिनिटांत तो पांढराफटक. अक्का त्याला आत केबिनमध्ये निजवायला निघाली. खलाशाने अडवलं, आणि बरोबरच अडवलं.

मळमळ सुरू झाली की आत जायचं नाही. बंद जागेत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातला तोल सांगतो की हलतंय, त्या भांडणात पोट हरतं. उघड्यावर, बोटीच्या मध्याजवळ बसायचं, डिझेलच्या धुरापासून लांब, आणि नजर लांब क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर ठेवायची. मोबाईल खिशात. कॅप्टनला बोट पुन्हा चालवायला सांगायचं. आलेपाक चघळायला दिला तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घ्यायची असेल तर ती आधी, निदान अर्धा-एक तास, आणि डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बाहेरच येते.

उपाशी जाणंही चूकच. हलकं, कोरडं काहीतरी पोटात हवं. इथे आपल्या कडक भाकरीला तोड नाही. दूध, क्रीम, तळण मात्र जमिनीवर ठेवा. आमचा मसाला दुधाचा थर्मास कोणी उघडलाच नाही.

जॅकेट आणि मोबाईल

लाइफ जॅकेट फोटोत वाईट दिसतं म्हणून काढून ठेवणारे आमच्यातही होते. डिसेंबर 2024 मध्ये याच बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. जॅकेट घालायचं, बंद लावायचे, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाचं मागायचं. मोठ्यांचं जॅकेट पोराला चढवलं तर पाण्यात ते वर राहतं आणि पोर खाली सरकतं. बोटीला किती माणसांची परवानगी आहे ते विचारा. कडेवरचं मूलही त्या आकड्यात धरा.

नौदलाच्या जहाजांकडे आणि गोदीकडे कॅमेरा रोखू नका, ड्रोन तर सोलापुरातच ठेवा. फुगे, चमकीचे फटाके नेऊ नका, शेवटी सगळं समुद्रात जातं. केकवरची मेणबत्ती वाऱ्यात पेटत नाही. आम्ही काडेपेटी संपवली.

मोसम आणि गाडी

पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, गेटवेच्या बोटी बंद असतात. त्या काळात कोणी "आमची यॉट चालू आहे" म्हणालं तर ॲडव्हान्स देऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. गड्ड्याची जत्रा आटोपून निघालात तर हवाही छान असते. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र 4 तारखेच्या नौदल दिनामुळे गेटवेपाशी बंदोबस्त असू शकतो, आधी विचारा.

गाडीचं गणित असं. संध्याकाळची यॉट आणि परतीची वंदे भारत हे जमत नाही, कारण ती मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास सुटते. मला आता पुन्हा जायचं झालं तर रात्रीची सिद्धेश्वर पकडून सकाळी सीएसएमटीला उतरेन, बॅगा तिथल्या क्लोकरूममध्ये टाकेन (कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत), आठ-साडेआठची यॉट घेईन. सकाळी वारा कमी, पाणी शांत, गेटवेवर ऊन. जेवून दुपारची वंदे भारत. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं बघून घ्यायचं.

आम्ही त्या दिवशी परतलो ते रात्रीच्या सिद्धेश्वरने. यॉट फिरून गेटवेकडे तोंड करत होती तेव्हा घारापुरीच्या डोंगरावर चंद्र आला होता, तांबूस, मोठा. भाचा सोडून सगळ्यांनी तो बघितला. गाडी सुटल्यावर आत्याने पिशवीतून थर्मास काढला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "चांगलं हाय की रे अजून." कल्याण यायच्या आत थर्मास रिकामा झाला. भाच्याने दोन कप घेतले.