मागची रिम बदलताय? आधी ईआरडी मोजा, मग बाकीचं

मागच्या वेळी मी एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) मागच्या चाकाची रिम बदलली तेव्हा रात्री साडेबारापर्यंत 32 तारा भरत बसलो होतो आणि ताण द्यायला लागलो तर निपल (तार रिमला धरून ठेवणारा छोटा नट) फिरायचंच बंद झालं. तार दाबून बघितली तर ढिली, निपल मात्र गच्च. पान्याने जोर लावला तर निपलचे कोपरे गोल झाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तारेचे आटे संपलेत, तारा चक्क 4 मिमी लांब आहेत. म्हणून ही यादी, कोणाची तरी एक रात्र वाचेल.

साइज बघा हे सांगायला नको. तरी टायरवर छापलेला आकडा वाचा, 26 इंचीला 559 मिमी, साडेसत्तावीसला 584, 29 ला 622. झालं.

भोकं मोजा. हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) 32 असतील तर रिमला 32च, 28 ची रिम स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, बसणार नाही. हबच्या एका बाजूची भोकं मोजून दुप्पट करा, सोपं पडतं.

आता ईआरडी. इफेक्टिव्ह रिम डायमीटर. म्हणजे समोरासमोरच्या दोन तारांची टोकं निपलमध्ये जिथे येऊन थांबायला हवीत त्या दोन जागांमधलं अंतर, आणि तारेची लांबी यावरच ठरते. साइज तीच, भोकं तेवढीच, म्हणजे जुन्या तारा चालतील असं मी धरून चाललो आणि तिथेच फसलो. जुन्या रिमचं ईआरडी 602, नवीनचं 594. फरक 8, व्यासातला, म्हणजे प्रत्येक तारेमागे 4. आणि गंमत अशी की मजबूत रिम शोधायला गेलं की हे हमखास होतं, कारण मजबूत रिम बऱ्याचदा उंच असते, आतल्या बाजूला जास्त खाली येते, मग निपलची बसायची जागाही हबच्या जवळ सरकते आणि ईआरडी कमी होतं. तारांची वर आलेली टोकं ग्राइंडरने उडवू असंही डोक्यात आलं होतं, पण त्याने काही होत नाही, आटे खालून संपलेले असतात.

इथेही मी शहाणा झालो नाही. रिमच्या स्टिकरवर ईआरडी 590 छापलेलं होतं, ते घालून हिशोब केला आणि नवीन तारा मागवल्या. तो आकडा निपल जिथे टेकतं तिथपर्यंतचा निघाला, तारेच्या टोकापर्यंतचा नाही. काही कंपन्या असा देतात, काही तसा. त्यामुळे या वेळी तारा 2 मिमी आखूड. चाक तयार झालं, फिरलंही छान. मग तिसऱ्या राइडला खडकाळ उतारावर मागून टिक असा आवाज आला, थोड्या वेळाने परत टिक, घरी येऊन चाक हलवलं तर रिमच्या आत निपलची तुटलेली डोकी खुळखुळत होती. ॲल्युमिनियमचं निपल, आणि तार डोक्यापर्यंत पोचलेलीच नाही, म्हणजे सगळा ताण निपलच्या मानेवर. तुटणार नाही तर काय.

तर मोजायचं कसं. दोन जुन्या तारा घ्या, वाकडी डोकी कापून दोन्ही बरोब्बर 250 मिमी करा. निपल लावा, तारेचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईल इतपत फिरवा, मग सुपरग्लूचा एक थेंब टाका म्हणजे निपल हलणार नाही. रिममध्ये समोरासमोरच्या भोकांत घाला (32 च्या रिमला पहिलं भोक आणि 17 वं), दोन्ही तारा आतल्या बाजूला ताणून धरा आणि मधली फट मोजा. फट 94 आली तर 250 अधिक 250 अधिक 94, म्हणजे 594. असं चार ठिकाणी करा आणि सरासरी काढा. एखादा मिमी इकडेतिकडे चालतो, त्याहून बराच जास्त फरक आला तर रिम गोल नाही, परत करा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. मी ती दहा मिनिटं वाचवायला गेलो आणि तारांचे दोन सेट घेऊन बसलो. आणि हे मोजायचं नवीन रिम हातात आल्यावर, तारा मागवायच्या आधी. आधी!! "त्याच मॉडेलचं आहे", "साइटवर लिहिलंय", "मित्राने हेच लावलंय", यातलं काही चालणार नाही.

आता मजबूतपणा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, पेडलचा जोर तिथेच जातो आणि कॅसेटमुळे (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांमुळे) चेनच्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या असतात म्हणून त्यांना ताण बराच जास्त लागतो. त्यामुळे पुढे हलकी रिम चालली म्हणून मागे चालेल असं नाही. डबल वॉलच (आत दोन भिंती असलेली) घ्या. ओळखायला सोपं आहे, टायरच्या बाजूने आत बघा, निपलची डोकी थेट उघडी दिसत असतील तर सिंगल वॉल, ठेवून द्या. वजन बघा, 29 ची रिम 400 ग्रॅमची असेल तर ती रेसवाल्यांची, दगडधोंड्यात मागे लावायला माझं मन तरी 500 च्या खाली जात नाही. ज्यांना वजनाची फार चिंता त्यांनी पोटाचं आधी बघावं (मी पण त्यातच आलो). सांधा वेल्डेड असला तर उत्तम, पिनचा असला तरी डिस्क ब्रेकला फार बिघडत नाही. रिम ब्रेक असेल तर मात्र बाजूला ब्रेक घासायची सपाट पट्टी आहे ना ते बघा, डिस्कवाल्या रिमला ती नसते.

कार्बन की ॲल्युमिनियम यावर लोक तासन् तास भांडतात. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, पक्कड आणि थोडा संयम असला तर तो बऱ्यापैकी सरळ करून पुढे दोन महिने काढता येतात. कार्बनला तडा गेला की विषय संपला. मी ॲल्युमिनियमवाला.

आतली रुंदी टायरप्रमाणे. 2.3 ते 2.5 इंची टायरला 30 मिमी छान बसते. रुंद रिमवर तोच टायर अजून फुगतो, तेव्हा फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना जागा आहे का आधी बघा, चिखल चिकटल्यावर कळून उपयोग नाही.

ॲसिमेट्रिक रिम, म्हणजे भोकं मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली, मागच्या चाकाला खरंच चांगली. भोकं कॅसेटपासून लांबच्या बाजूला गेली पाहिजेत, मग दोन्ही बाजूंचा ताण बराच सारखा होतो. उलटी भरलीत तर आहे त्याहून वाईट. आणि तारांची लांबी काढायच्या कॅल्क्युलेटरमध्ये तो ऑफसेट (भोकं किती सरकलीत ते) टाकायला विसरू नका. ईआरडीच्या खालीच रकाना असतो. ईआरडी, जे तुम्ही स्वतः मोजलेलं असेल.

व्हॉल्व्हचं भोक. बारीक प्रेस्टाला साडेसहा मिमी, जाड श्रेडरला साडेआठ. घरात ट्यूब कुठल्या पडल्यात ते बघा, ड्रिल घेऊन भोक मोठं करू नका प्लीज, कोणी करतं म्हणून नाही. ट्यूबलेस करायचं असेल तर ट्यूबलेस रेडीच घ्या, टेप आतल्या रुंदीपेक्षा दोनतीन मिमी रुंद.

हबही याच वेळी बघून घ्या, बेअरिंग खरखरत असेल तर आत्ताच बदला, चाक परत उघडायचा कंटाळा येतो. कॅल्क्युलेटरला हबचीही मापं लागतात, फ्लँजचा (हबच्या ज्या कडेत तारा अडकतात तिचा) व्यास आणि मध्यापासूनचं अंतर, डाव्याउजव्या तारांच्या लांबीत एकदोन मिमी फरक निघतो तो खरा असतो, घाबरू नका आणि दोन्हीची सरासरी काढून एकच लांबी मागवू नका. निपल पितळेची. ॲल्युमिनियमची परत नाही म्हणजे नाही.

जुन्या तारा वापरायच्याच असतील तर दोन्ही रिमच्या ईआरडीत एकदोन मिमीपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे इथेही मोजणं आलंच.

भरणं, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढणं यावर आता लिहित नाही, थकलो. आट्यांना तेलाचा थेंब, सगळ्या तारांना आधी सारखेच आटे, मग हळूहळू ताण. कमाल किती ते रिम बनवणाऱ्याने दिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. चाक फ्रेमच्या मध्यावर आहे ना बघा. मधेमधे तारा जोडीजोडीने हाताने दाबा, करकर आवाज येतो तो येऊ द्या. दोनतीन राइडनंतर परत आऊट तपासा.

आणि टेप चिकटवायच्या आधी रिमच्या आत पर्मनंट मार्करने मोजलेलं ईआरडी लिहून ठेवा, शेजारी दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी. माझ्या आत्ताच्या रिममध्ये 594 लिहिलंय, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.