नवं डोमेन? पहिल्याच दिवशी सगळ्यांना मेल नको

रावेरचा केळी व्यापारी असो की नंदुरबारचा मिरचीवाला, नवं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव) घेतलं की गिऱ्हाइकांच्या अख्ख्या यादीला भावपत्रक धाडायची घाई होते. मग मेल थेट स्पॅममध्ये! आधी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या नोंदी करा; मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय, हे त्यांवरून तपासता येतं. सुरुवातीला रोज वीस-पंचवीसच मेल, तेही हमखास उत्तर देणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना. ‘मिळालं भाऊ’ एवढं उत्तर आलं तरी डोमेनची पत वाढते. संख्या हळूहळू वाढवा. विकतच्या यादीला हातच लावू नका. मेल न पोचता परत आला की तो पत्ता यादीतून काढा. जीमेलच्या हिशेबात स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याखाली हव्यात. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन, तिथवर कधीच जाऊ नये.