सायकॉलॉजीचा रिसर्च पेपर वाचताना आधी काय बघायचं
आधी सॅम्पल साइज बघा, म्हणजे प्रयोग किती जणांवर केलाय ते. २०१० चा पॉवर पोझचा स्टडी घ्या, ऐटीत बसलं की हार्मोन्स बदलतात म्हणे, जगभर गाजला, पण माणसं फक्त ४२! २०१५ ला २०० जणांवर परत केला तर हार्मोन्समध्ये काही फरकच दिसला नाही.

मग पी व्हॅल्यू. ती ०.०५ च्या खाली आली म्हणजे निष्कर्ष ९५ टक्के खरा असं अजिबात नसतं हो, मुळात काही फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती, एवढंच ती सांगते.

फरक केवढा आहे त्यासाठी इफेक्ट साइज शोधा, कोहेनचा डी हे त्याचं एक माप, ०.२ म्हणजे साधारण छोटा, ०.८ मोठा, आणि हा आकडा दिलाच नसेल तर मी तरी लगेच विश्वास ठेवत नाही.