कर्नाटकातील शासकीय दिव्यांग संस्था किंवा मनोरुग्णालय बंद होण्याची चाहूल लागल्यास कर्मचारी संघटनेने काय करावे

संस्था बंद करण्याचा आदेश येण्याआधी रिक्त पदे भरणे थांबते, नवीन प्रवेश बंद होतात आणि दुरुस्तीचे प्रस्ताव पडून राहतात. ही लक्षणे दिसताच माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत लिहावा आणि प्रस्तावाची टिपणी, खर्चाचा हिशेब व निवाऱ्यातील प्रत्येकाच्या पुढील सोयीचा आराखडा मागावा.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे, पण बहुतेक वेळा मागे पडते. पहिली मागणी नोकऱ्या वाचवण्याची असली, तर लोक तिकडे पाठ फिरवतात. म्हणून पालकांना पुढे बसवावे आणि परिचारकांनी प्रत्येक निवासीसाठी एक पान लिहून काढावे. कोणाला भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते, कोणाची नजर फिट येण्यापूर्वी एका जागी खिळते, कोण अनोळखी माणसाच्या हातून गोळी घेत नाही, हे वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेल्यांनाच ठाऊक असते आणि कोणत्याही सरकारी अहवालात ते सापडत नाही. ही पाने गोपनीय ठेवावीत. सरकारला द्यायच्या निवेदनात नावे घालू नयेत.

कायद्याचा आधार पूर्ण वाचूनच घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते, आणि संघटनेने तो मनापासून मान्य करावा, कारण माणसांना आयुष्यभर कोंडून ठेवण्याची बाजू कोणीही घेऊ नये. मात्र कलम १८ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध असणे आणि रुग्णाला दूरवर जावे न लागणे ही सरकारची जबाबदारी आहे. निपाणीच्या कुटुंबाला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था सुमारे दीडशे किलोमीटर पडते, हे निवेदनात ठळकपणे लिहावे. पर्याय आधी उभा करा, कुलूप नंतर लावा, एवढीच मागणी असावी.

घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. त्यामुळे खानापूर-निपाणीकडील पालकांनी आपले म्हणणे मराठीतच मांडावे. सोबत कन्नड भाषांतर जोडल्यास फाइल अडत नाही. जिल्हाधिकारी कचेरीत दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय निघू नये. एक प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवावी. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा स्थानिक आमदारांना प्रश्न आधीच लेखी द्यावा.

संपाचा मार्ग धरू नये. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय वॉर्ड एक रात्र जरी उघडा पडला, तरी पालकांचा विश्वास कायमचा जातो. धरणे पाळी संपल्यावर धरावे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २०१२ मध्ये एएफएससीएमई या सरकारी कर्मचारी संघटनेच्या विरोधानंतरही जॅक्सनव्हिलचे दिव्यांग केंद्र बंद झाले. जेथे पालक संघटना ठामपणे उभी राहिली, ते त्याच राज्यातील मरे केंद्र मात्र टिकले.

उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जायचे ठरल्यास दिव्यांग व मनोरुग्णांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. तरीही संस्था बंद होणारच असेल, तर प्रत्येक निवासी कोठे जाणार हे लेखी घ्यावे आणि सध्याच्या परिचारकांना नव्या गटनिवासात (थोड्या जणांनी एकत्र राहण्याच्या घरात) सामावून घेण्याची अट त्याच आदेशात घालून घ्यावी.