बारावीचा निकाल पटला नाही? कोर्टाच्या आधी हे करा

निकाल लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घराची बेल वाजते. दारात मूल, मागे आई. "बाई, इंग्रजीत ३१ च कसे? पेपर तर छान गेला होता. कोर्टात जायचं का?" ज्युनियर कॉलेजात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माझं उत्तर दरवर्षी एकच: आधी उत्तरपत्रिका बघू.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडताळणीत बेरीज आणि न तपासलेलं उत्तर एवढंच बघतात. गुण योग्य दिले की नाही, हे पुनर्मूल्यांकनात. त्यासाठी आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत (झेरॉक्स) घ्यावीच लागते. २०२३ साली पडताळणीला विषयामागे ५० आणि छायाप्रतीला ४०० रुपये होते. अर्ज ऑनलाइन करायचा. पैसे वाचवायचे म्हणून पडताळणीवर थांबू नका, छायाप्रत घ्याच.

छायाप्रत हाती आली की पुनर्मूल्यांकनाला कामकाजाचे पाचच दिवस. कळव्याचा एक मुलगा भीतीपोटी छायाप्रतीचा ईमेल आठवडाभर उघडतच नव्हता. माझ्याकडे आला तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्याच्या आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसतो. एका बाजूला प्रश्नपत्रिका, दुसऱ्या बाजूला छायाप्रत. कोऱ्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक, समोर आतल्या पानावरचे गुण. बेरीज मूल करतं, मग मी करते, आणि ती पहिल्या पानाशी ताडून बघतो. पुरवण्या मोजतो. एकही खूण नसलेलं पान दिसलं की तिथे पेन्सिलीने गोल. गुण कमी वाटतात त्या उत्तरासमोर पाठ्यपुस्तकाचं पान लिहितो. पुढे अर्ज असो की याचिका, पाया हाच कागद.

हे करता करताच पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून टाका. पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.

छायाप्रत मागणं हा आज हक्क आहे, पण तो सहज मिळालेला नाही. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, १९८४ मध्ये, आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की उत्तरपत्रिका बघण्याचा किंवा पुन्हा तपासून घेण्याचा हक्क विद्यार्थ्याला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने दिलेला निकाल तेव्हा फिरवला गेला. २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात चित्र बदललं: तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली 'माहिती' ठरली. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

काही सांगायचं असेल तर लेखी द्या. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशी, तिथे विभागीय मंडळाचं कार्यालय. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी बोलणं कोर्टात उभं राहत नाही.

ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) जाऊ नका. परीक्षा मंडळ सेवा विकत नाही आणि विद्यार्थी ग्राहक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय.

उरतो मार्ग राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिकेचा, म्हणजे मंडळाला आदेश द्या अशी थेट मागणी करण्याचा. न्यायमूर्ती पेपर तपासत नाहीत. चूक लांबलचक युक्तिवादाशिवाय, कागद बघताच दिसली पाहिजे, आणि तीही अपवादात्मक प्रकरणात, असं सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ च्या डिसेंबरमधला निकाल सांगतो. म्हणजे बेरीज चुकली, उत्तर तपासलंच नाही, नियम पाळला नाही, तर जा. 'निबंधाला दोन गुण जास्त हवे होते' यासाठी जाऊ नका, मुलाचं मन आणखी मोडेल. जायचंच असेल तर उशीर नको. प्रवेश पुढे सरकले की कोर्टालाही हात देणं कठीण होतं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे फिरू नका. मुलगी असेल किंवा मूल अठराच्या आतलं असेल, तर उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

माझ्याकडे येणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर या. हॉल तिकीट, प्रश्नपत्रिका, छायाप्रतीची सगळी पानं आणि पेन्सिल घेऊन या. मुलालाही आणा, बेरीज त्यानेच करायची आहे.