बाळाचं पहिलं खिमट: कसं करावं, किती घट्ट ठेवावं, कसं भरवावं

बाळाला १८० दिवस पूर्ण झाले, मान सावरली, आधाराने बसायला लागलं आणि चमचा तोंडाशी नेल्यावर जिभेने बाहेर ढकलत नसेल, तर वरचं खाणं सुरू करावं. उष्टावणाचा मुहूर्त महिनाभर लांब असला तरी त्यासाठी थांबू नये. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा एव्हाना संपत आलेला असतो, आणि दुधातलं लोह आता पुरत नाही.

बहुतेक घरांत सुरुवात डाळीच्या वरच्या पाण्याने होते आणि तिथेच गाडं अडतं. त्या पाण्यात डाळ नावापुरती. इवलंसं पोट त्यानेच भरलं की दूधही कमी प्यायलं जातं, मग वजन वाढत नाही.

त्याऐवजी खिमट द्यावं, म्हणजे भाजलेल्या डाळ-तांदळाच्या पिठाची मऊ लापशी. २ वाट्या तांदूळ आणि १ वाटी मूगडाळ धुऊन कापडावर कडकडीत वाळवा. मंद आचेवर वेगवेगळं भाजा. डाळ लवकर करपते. गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक रव्याइतकं दळा. पंधरवड्याला पुरेल एवढंच करून कोरड्या डब्यात ठेवा.

२ मोठे चमचे पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. मग १ वाटी उकळत्या पाण्यात ओतून ८–१० मिनिटं ढवळत शिजवा, वर अर्धा छोटा चमचा तूप. पहिल्या आठवड्यात निम्मं माप पुरे. खिमट निवताना आळतं, म्हणून पारख कोमट झाल्यावर करा: चमचा कलता केल्यावर धार लागली तर पातळ, गोळा चिकटून राहिला तर घट्ट, सावकाश घसरलं तर जमलं. फार आळलं तर आईचं काढलेलं दूध घालून सैल करा. मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. मधाचं बोटसुद्धा नको; त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो.

पहिल्या दिवशी १–२ छोटे चमचे, मग वाढवत २–३ मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी साधारण १२५ मिली. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. नुसत्या खिमटाने लोहाची गरज भागत नाही. पूर्ण शिजवलेलं अंडं, मऊ वाटलेला खिमा, घोटलेली पालेभाजी हळूहळू आणा. नवा पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. उरलेलं उष्टं खिमट पुन्हा गरम करून देऊ नका, लाळेमुळे ते लवकर नासतं.

भरवताना बाळ ताठ बसलेलं हवं. पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) ओतायची जुनी रीत सोडाच. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं बाळाच्या हाताला लागू देऊ नका.

ओकारी आली, चेहरा लाल झाला, आवाजासकट खोकतंय, तर खोकू द्या. तोंडात बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर डोकं खाली राहील असं हातावर पालथं धरा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, एका तळहाताच्या टाचेने ५ वेळा दाबा. घास निघेपर्यंत आलटून पालटून हेच. तोवर दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावावा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा.