स्केचबुकांची लायब्ररी काढायचीय? आधी हे बघा

चित्रं काढून देणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाची वही द्या, ए५ (ए४ कागदाच्या निम्मी) बरी, नाहीतर कपाटात नुसता गोंधळ होतो. २००६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या स्केचबुक प्रोजेक्टने हेच केलं, जगभरच्या लोकांना सारख्या छोट्या वह्या पाठवल्या, त्या भरून परत आल्या की बारकोड लावून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या स्वतःच्या लायब्ररीत ठेवल्या, तेव्हा कोणीही जाऊन चाळू शकायचं. आपल्याला बारकोड कशाला, शाळेच्या रजिस्टरमध्ये नंबर, नाव, गाव आणि विषय लिहिला तरी भागतं.

कागदाचं मात्र नीट बघा. साध्या वहीत वॉटरकलर केला की पानं पापडासारखी वाकतात, म्हणून १५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नका. कोळशाचं, पेस्टलचं काम असेल तर फिक्सेटिव्ह (भुकटी कागदाला धरून ठेवणारा स्प्रे) मारून मध्ये बटर पेपर घालायला सांगा, नाहीतर समोरच्या पानावर चित्राचा पुसट ठसा उमटतो आणि मग कोणाची चूक यावर भांडण! पावसाळ्यात कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर थोड्या दिवसांनी बदला, वह्या भिंतीला चिकटवून तर ठेवूच नका.

वही घरी न्यायला द्यायची का? माझं मत, नाही. ती एकच प्रत असते, हरवली की संपलं. तिथेच बसून बघा, हात पुसून, चहा लांब ठेवून.

आणि फोटो काढायचा असेल तर आधी चित्रकाराला विचारा, वही लायब्ररीत दिली म्हणून चित्राचा कॉपीराइट आपला होत नाही. हे पहिल्या पानावरच लिहून घ्या, सहीसकट.